दादाला स्कूटरची किल्ली परत द्यायची का?

अबोली_वारजे | रविवार, रात्री ११:५२

नमस्कार. इथं बरीच वर्षं वाचते आहे, पण दिवाळीतल्या अनारशांच्या धाग्यावर एकदा रडगाणं गायलं त्यापलीकडे कधी लिहिलं नाही. आज लिहिते, कारण घरात हे बोलायला कुणी उरलं नाही. म्हणजे माणसं आहेत, पण ऐकून ऐकून थकली आहेत.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, आता ५१. बायपोलर, म्हणजे कधी उन्मादाचा चढ, कधी नैराश्याचा उतार. निदान २००६ मध्ये झालं. त्याआधीची सात वर्षं नुसतं डिप्रेशन समजून औषधं चालली होती आणि प्रत्येक वेळी तो 'बरा' होता होता भलताच बरा व्हायचा, ते का, हे नंतर कळलं. वहिनी २०११ मध्ये माहेरी गेली ती गेलीच. तिला मी कधी बोल लावला नाही, मी सख्खी बहीण असून मला पळून जावंसं वाटतं. दादा आणि आई (७८) कोथरूडला राहतात. मी, नवरा आणि मुलगी वारज्याला.

शेवटचा मोठा एपिसोड गणपतीतला, दीड वर्ष झालं. नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झाले की दादा संध्याकाळी बघायला जायचा. आधी तासभर, मग रात्री बारापर्यंत. मग झोपच बंद. झोप नाही म्हणून थकवा असावा ना, तर तोही नाही. एका पथकाला भेट द्यायची म्हणून २० ढोलांची ऑर्डर देऊन आला, ६० हजार आगाऊ. आईचं फिक्स्ड डिपॉझिट मोडून. आणि विसर्जनाच्या आदल्या रात्री दोन वाजता स्कूटर काढून साताऱ्याला गेला, कंदी पेढे आणायला. अख्ख्या सोसायटीला वाटायचे होते म्हणे. पहाटे दुकानदाराला उठवून १४ किलो घेतले. येताना शिरवळच्या अलीकडे पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं. पोलिसांचा फोन आला तेव्हा हवालदारांचा पहिला प्रश्न, "मॅडम, हे पेढे कुणाचे?" आता हसू येतं. तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले होते.

तीन आठवडे दवाखान्यात. त्यानंतर पाच महिने अंथरुणात. चढ असतो तेव्हा सगळ्या गावाला दिसतो, शेजारी कडी वाजवून सांगतात. उतार कुणाला दिसत नाही. पाच महिन्यांत एक नातेवाईक फिरकला नाही. आई मेतकूट-भात कालवून त्याच्या उशाशी नेऊन ठेवायची आणि मी येऊन तो वाळलेला भात उचलायची. त्या महिन्यांत मी त्यांच्या गॅलरीचं दार कुलूप लावून ठेवलं होतं. का ते कळलंच असेल.

आता १३ महिने तो उत्तम आहे. एका सीएकडे अर्धा दिवस टॅलीच्या नोंदी करतो. गोळ्या स्वतः घेतो. आणि गेल्या आठवड्यात त्यानं स्कूटरची किल्ली मागितली.

मी म्हटलं, सर्व्हिसिंगला दिलीय. तो शांतपणे म्हणाला, "किल्ली तुझ्या पर्समध्ये मधल्या कप्प्यात आहे. मी मागतोय, काढून घेतली नाही."

तेव्हापासून मला झोप नाही. (माझ्या झोपेकडे कोण बघणार, असो.) खरं सांगू का, एपिसोड परवडला. तेव्हा काय करायचं ते तरी माहीत असतं. हे मधले बरे दिवस मला खातात. तो बाथरूममध्ये गायला लागला की मी घड्याळ बघते. रात्री तीनला उठून त्याचं व्हॉट्सअ‍ॅपचं लास्ट सीन बघते. आईचं तर वेगळंच गणित आहे. दादा ठीक असला की तिच्या आमटीला नावं ठेवतो. "आमटी फर्स्ट क्लास" म्हणाला की ती मला फोन करते. परवा माझी मुलगी म्हणाली, "आई, मामा नुसता हसला गं."

किल्ली देऊ का? आणि ही पाळत कुणाला कमी करता आली असेल, तर कशी?

---

खडीसाखर | सोमवार, सकाळी ६:१०

अबोली, तुमचा धागा वाचून चहा गार झाला. आमच्याकडे नवरा. १७ वर्षं.

लास्ट सीन बघणं सोडा, त्यातून काही कळत नाही. माणूस तीनला उठून क्रिकेट बघत असू शकतो. मला डॉक्टरांनी एकच शिकवलं. किती तास झोपला हे मोजू नका, कमी झोपून दुसऱ्या दिवशी कसा आहे ते बघा. चिडचिडा, पेंगलेला असेल तर साधं जागरण. चार तास झोपून टवटवीत, आणि असं सलग दोन-तीन दिवस, तर लगेच फोन करायचा. मी कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी फुली मारते. त्याला माहीत आहे. आता तो स्वतःच मारतो.

आमटीचं मात्र अगदी पटलं. आमच्याकडे ते माझ्या साडीचं आहे.

---

नारायणपेठी | सोमवार, सकाळी ९:३०

यात विचारायचं काय? स्कूटर विकून टाका. वनाजहून मेट्रो आहे, पीएमटी आहे. माणसापेक्षा वाहन मोठं नाही. रस्त्यावर इतर लोकही असतात.

---

ध्यानस्थ | सोमवार, दुपारी १:१५

ताई, या औषधांनी माणूस आयुष्यभर गुंगीत राहतो. मूळ मनात आहे, तिथंच इलाज हवा. इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला पाठवा, गोळ्या हळूहळू आपोआप सुटतील. माझ्या मित्राच्या बाबतीत पाहिलं आहे. श्रद्धा हवी.

---

बी_फार्म | सोमवार, दुपारी २:०५

ध्यानस्थ, आपल्याबद्दल आदर ठेवून सांगते, हे कृपया लिहू नका. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी दहा दिवसांचं शिबिर करू नये असं विपश्यनावाले स्वतःच सांगतात. प्रवेश अर्जात तसं विचारतातही. आणि गोळ्या आपोआप सुटत नाहीत. लिथियम, म्हणजे या आजारावरचं जुनं औषध, झटक्यात बंद केलं तर आजार उलटायचा धोका उलट वाढतो.

मी २२ वर्षं औषधांच्या दुकानात उभी आहे, म्हणून थोडं लांबण लावते. दादांना लिथियम चालू असेलच असं नाही, पण असेल तर हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. हे साधं क्षार आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. स्वस्त आहे, जुनं आहे, आणि आजही त्याला तोड नाही. पण गुण देणारी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं. रक्तातली लेव्हल साधारण ०.६ ते १.० च्या आसपास ठेवतात, १.५ च्या वर गेली की हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं. तसं दिसलं तर थांबायचं नाही, थेट दवाखाना.

आता गंमत बघा, ही लेव्हल कशानं चढते? अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की. म्हणजे एप्रिलमधलं पुणं. म्हणजे जुलाब. म्हणजे नवरात्राचे कडक उपास. म्हणजे बी.पी.साठी कुणीतरी "मीठ सोडा" सांगितलं ते. आणि सगळ्यात कॉमन म्हणजे गुडघेदुखीच्या गोळ्या! आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक. लोक काउंटरवर येऊन "एक पेनकिलर द्या" म्हणतात, लिथियमचं सांगतच नाहीत. ताप किंवा अंगदुखीला पॅरासिटामॉल चालते, बाकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

रक्ताची तपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करायची असते, नाहीतर आकडा चुकतो. रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त, आणि रक्त देईपर्यंत सकाळची गोळी घ्यायची नाही. सोबत थायरॉइड आणि किडनीची तपासणी, साधारण दर सहा महिन्यांनी.

आणि तुम्ही लिहिलंय ना, डिप्रेशनच्या औषधांनी भलताच बरा व्हायचा. बायपोलर असताना नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो. सुरुवातीला उतारच दिसतो म्हणून निदान चुकतं. तुमच्या घरचा दोष नाही त्यात.

---

संपादक | सोमवार, दुपारी ३:००

माहितीपूर्ण प्रतिसाद. कुणीही डोस लिहू नये, एवढी विनंती. ध्यानस्थ यांचा प्रतिसाद उडवलेला नाही, कारण खालचं उत्तर वाचलं जावं.

---

लंबक | सोमवार, रात्री १०:४०

मी ३४ वर्षांचा आहे, हडपसरला राहतो, आयटीत आहे आणि मला बायपोलर टाइप वन आहे, म्हणजे चढ पूर्ण उन्मादापर्यंत जातो तो प्रकार. हा धागा सकाळपासून तीनदा उघडून बंद केला. माणूस खोलीत बसलेला असताना त्याच्याबद्दल 'तो' म्हणून बोलतात ना, तसं वाटलं.

अबोलीताई, तुमच्यावर राग नाही. माझे बाबा माझ्या गोळ्यांची पाकिटं मोजायचे. मी ऑफिसला गेलो की. मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी २०१९ मध्ये त्यांच्या अंगावर खुर्ची फेकली होती, त्यामुळे त्यांना तो हक्क होता असं मीही धरून चालायचो. पण त्यानं झालं काय, मला खरंच जेव्हा झोप कमी लागायला लागली तेव्हा मी सांगितलं नाही. सांगितलं की पाळत वाढणार. लपवणं सोपं. चढ सुरू होताना वाईट वाटतच नाही हो. चष्म्याचा नंबर बरोबर झाल्यासारखं स्वच्छ दिसायला लागतं. अडवणारे सगळे मंद वाटतात.

दादांनी काय केलंय बघा. त्यांना किल्ली कुठल्या कप्प्यात आहे ते माहीत होतं. घेऊन जाता आली असती. ते मागायला आले. तुम्ही खोटं बोललात.

कठोर वाटलं असेल तर माफ करा. पण इथं तुम्ही आम्हाला विचारताय, किल्ली द्यायची का. हे दादांना विचारलंत का? "द्यायची का" नाही, "पुन्हा तसं सुरू झालं तर मी किल्ली केव्हा आणि कशी मागू, म्हणजे तू देशील?" हा प्रश्न फक्त चांगल्या दिवसांत विचारता येतो. आमच्याकडे असा एक कागद आहे. माझ्याच अक्षरात. माझी तीन लक्षणं: रात्री दोननंतर लोकांना मेसेज, एकाच आठवड्यात दोन नवीन 'बिझनेस आयडिया', आणि बहिणीशी बोलताना मी तिला वाक्य पूर्ण करू देत नाही. यातली दोन दिसली की कार्ड बहिणीकडे द्यायचं. बाबांकडे नाही, बहिणीकडे. कारण तिचं मी त्या अवस्थेतही ऐकतो. शिवाय बँकेच्या अ‍ॅपमधून ऑनलाइन व्यवहार बंद आणि मर्यादा खाली, ते मी आत्ताच करून ठेवलंय.

आणि हो, कधीकधी मी नुसता खूश असतो. पगार वाढला होता.

---

अबोली_वारजे | सोमवार, रात्री ११:२०

लंबक, वाचलं. उत्तर सुचत नाहीये. नाही विचारलं. एकदाही नाही.

---

मोरपीस | मंगळवार, सकाळी ११:४५

लंबक यांचं पटतं, पण दुसरी बाजू कुणीतरी लिहायला हवी म्हणून लिहिते. माझे दीर. कागद आमच्याकडेही होता. मॅनियात (उन्मादात) त्यांनी तो माझ्यासमोर फाडला आणि म्हणाले, हा तूच लिहून घेतलास. मग? कागद असो नसो, रात्री अडीचला दारात मी उभी असते. नवरा फिरतीवर असतो, सासूबाई "वहिनीनंच समजावं" म्हणतात. मी त्यांची आई नाही, बायको नाही, बहीण नाही. लग्नाच्या वेळी मला कुणी सांगितलंही नव्हतं. दोन वेळा नोकरी सोडली. माझी.

याला कुणी आजार म्हणत नाही, माझ्या पाठदुखीलासुद्धा नाही.

आणि पैसे. दवाखान्यात भरती करायची तर आधी डिपॉझिट, आणि कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांचे फोन मात्र मला येतात, कारण त्यांनी संदर्भ म्हणून माझा नंबर टाकलेला. अबोली, सासूबाई ७९ आहेत. तुमच्याही आई ७८. आईनंतर कोण, हे तुम्ही धाग्यात लिहिलं नाहीत, पण मला ते तुमच्या प्रत्येक ओळीत दिसलं.

---

वकिली_खाक्या | मंगळवार, दुपारी ४:३०

मोरपीस, तुमच्या दिरांनी फाडला तो घरगुती कागद. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ (लागू २९ मे २०१८ पासून) यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे त्या फारशा कुणी वापरत नाही.

एक, आगाऊ निर्देश. म्हणजे मला पुढे उपचार कसे हवेत, कसे नकोत, हे माणसानं शुद्धीत असताना लेखी देऊन ठेवायचं. दोन, कलम १४ खाली नामनिर्देशित प्रतिनिधी. हे तर साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन करता येतं. नेमलं नसेल तर कायदा आपणहून नातेवाईक, मग सांभाळ करणारी व्यक्ती असा क्रम लावतो, आणि मग नेमकं कोण यावरून दवाखान्याच्या दारात भांडणं होतात. दादा आत्ता ठणठणीत आहेत, आत्ताच करून घ्या. त्यांनी अबोलींनाच नेमावं असंही नाही. मित्र चालतो.

"आता त्याला डांबायचं कसं" असं लोक विचारतात. डांबता येत नाही. पण माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल, किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही अशी अवस्था असेल, तर कलम ८९ खाली त्या प्रतिनिधीच्या अर्जावर भरती होते. दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासायचं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. मुदत ३० दिवसांपर्यंत. दवाखान्यानं मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं, पुरुष असेल तर सात दिवसांत आणि बाई किंवा मूल असेल तर तीन दिवसांत.

विम्याबद्दल: कलम २१(४) प्रमाणे शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला. विमा नियामकानं ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना परिपत्रकही काढलं. तरी एजंट "मेंटल कव्हर नाही" म्हणतो. लेखी नकार मागा, बहुतेक वेळा सूर बदलतो. शिवाय अपंगत्व हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजार आहे. प्रमाणपत्र मिळालं की यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) निघतं, बहुतेक सवलतींना मात्र ४० टक्के किंवा जास्त लागतात. पण पूर्ण बरे दिवस असताना टक्के कमी भरतात, आणि आजारी असताना माणूस रांगेत उभा राहत नाही. ही आपल्याकडची व्यवस्था.

---

खडीसाखर | मंगळवार, संध्याकाळी ७:००

मोरपीस, तुम्ही एकट्या आहात असं वाटलं म्हणून सांगते. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली. नावात स्किझोफ्रेनिया आहे, पण घरच्यांच्या बैठकीत बायपोलरवालेही येतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तासभर फक्त रडले, दुसऱ्यांदा गेले तेव्हा भांडले, तिसऱ्यांदा डबा घेऊन गेले. आणि रात्री अडीचला कुणाशी बोलायचं तर टेलि-मानस, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तुमच्या दिरांसाठीच नाही, तुमच्यासाठीसुद्धा करा फोन.

---

नारायणपेठी | मंगळवार, रात्री ९:१०

माझं स्कूटर विकण्याचं मत कायम आहे. पण लंबक यांचा प्रतिसाद वाचून ते आता जरा कमी जोरात आहे. लहानपणी "येरवड्याला पाठवीन" ही आमच्या वाड्यातली रोजची धमकी. अभ्यास नाही केला तरी तीच. त्या दवाखान्यात खरीखुरी माणसं बरी व्हायला जातात हे डोक्यात शिरायला मला निम्मं आयुष्य लागलं.

---

अबोली_वारजे | पुढचा बुधवार, रात्री १०:१५

सगळ्यांना एकत्रच लिहिते.

रविवारी दादाकडे गेले. आई दुपारी झोपल्यावर किल्ली टेबलावर ठेवली आणि सांगितलं की सर्व्हिसिंगचं खोटं होतं. तो म्हणाला, "स्कूटर पार्किंगमध्ये दिसते मला गॅलरीतून." मग दोघंही हसलो आणि मी हसताना त्याच्याकडे बघतेय हे त्याला दिसलं. तो थांबला. म्हणाला, "हे. हे नको."

मग लंबक यांनी सांगितल्यासारखं विचारलं. वाटलं होतं तो चिडेल. त्यानं पाठकोरा कागद घेतला आणि सीएकडे नोंदी करतो तसे रकाने आखले! त्याची लक्षणं मला माहीत होती त्यापेक्षा वेगळीच निघाली. तो म्हणतो, ढोल आणि पेढे हे फार नंतरचं. त्याच्या आधी आठवडाभर त्याला अक्षरं ठळक दिसतात, दुकानांच्या पाट्या आपल्यासाठीच लिहिल्यासारख्या वाटतात. वीस वर्षांत हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. का, तर कुणी विचारलं नाही.

ठरलं ते असं. किल्ली आईच्या देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर. रात्री नऊनंतर नाही, चांदणी चौकाच्या पुढे नाही. गणपतीचे दहा दिवस आणि त्याआधीचा पंधरवडा किल्ली माझ्याकडे, हे त्यानं स्वतः घातलं. पाट्या दिसायला लागल्या तर तो मला नाही, माझ्या नवऱ्याला सांगणार. मी रडते म्हणून. (बरोबर आहे.) प्रतिनिधी म्हणून त्यानं त्याच्या शाळेतल्या मित्राचं नाव लिहिलं. मला आधी लागलं. घरी येताना वारज्याच्या पुलावर लक्षात आलं की खांदे दुखत नाहीयेत.

त्याच्या बाजूनं एकच अट: लास्ट सीन बघायचं नाही. दोन रात्री पाळली. काल तीनला बघितलं. ४:०५ दाखवत होतं, म्हणजे संध्याकाळचं. म्हणजे तो झोपला होता. मी जागी होते.

मोरपीस, आईनंतरचं तुम्ही लिहिलं नसतंत तर बरं असं आधी वाटलं होतं. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) कराल का?

---

लंबक | बुधवार, रात्री १०:५०

पाट्यांचं वाचून अंगावर काटा आला. माझ्याकडे ते रेडिओवरच्या गाण्यांचं होतं. दादांना माझा नमस्कार सांगा. त्यांना हवं असेल तर माझा व्यनि उघडा आहे.

---

मोरपीस | गुरुवार, सकाळी ७:२०

केलाय.

---

नारायणपेठी | गुरुवार, सकाळी ८:००

कागदावर एक कलम वाढवा, हेल्मेट. हे पुण्यात पाळून दाखवलंत तर बाकीची सगळी कलमं आपोआप पाळली जातील.

---

अबोली_वारजे | गुरुवार, सकाळी ८:४०

नारायणपेठी, दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हा माणूस पेठेतलाच."

बी_फार्म, एक विचारायचं राहिलं. त्याची लिथियमची रात्रीची गोळी साडेनऊला असते, आणि आज आमटीला नावं ठेवून साडेनऊलाच घेतली. उद्या लेव्हल करायची आहे. लॅबचा माणूस घरी सकाळी सातला येतो म्हणतोय. चालेल, की साडेनऊलाच बोलावू?

---

बी_फार्म | गुरुवार, सकाळी ९:०५

सातला फक्त साडेनऊ तास होतात, आकडा जास्त दाखवेल. साडेनऊलाच बोलावा. पण "आज साडेनऊलाच घेतली" म्हणजे कालची रात्रीची ना? उद्याच्या तपासणीला आज रात्रीची वेळ धरायची. ती लिहून ठेवा आणि चिठ्ठी लॅबवाल्याच्या हातात द्या, नाहीतर ते विचारत नाहीत.